अ‍ॅक्सल नट: सोडवायचा कसा आणि परत आवळायचा कसा

चाकाच्या बेअरिंगच्या घरघरीबद्दल या सदरात लिहिलं तेव्हापासून जे प्रश्न येतायत त्यात बेअरिंगपेक्षा बाहेरच्या नटाबद्दलच जास्त विचारणा आहे. चाकाच्या बरोबर मध्यभागी, टोपीखाली, अ‍ॅक्सलच्या म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या (ड्राइव्ह शाफ्टच्या) टोकावर बसलेला तो एकटा मोठा नट. घरी काम करणारे बहुतेक जण तिथेच अडतात. ज्यांचा नट सुटत नाही ते निदान थांबतात आणि विचारतात, मला जास्त काळजी वाटते ती ज्यांचा सुटला आणि त्यांनी तो अंदाजाने आवळून गाडी बाहेर काढली त्यांची. म्हणून यावेळी सगळे प्रश्न याच नटाचे घेतलेत.

प्रश्न: पुढच्या चाकाचं बेअरिंग बदलायला घेतलंय. गाडी जॅकवर, चाक काढलेलं, बायको आत बसून ब्रेक दाबून धरते आणि मी दीड फुटी रॅचेटवर लटकतोय, पण नट जागचा हलत नाही. वर पाइप घातला तर रॅचेटचं आतलं दातेरी चाकच तुटलं. काय चुकतंय?

उत्तर: सगळ्यात आधी गाडी जॅकवरून खाली घ्या. एवढा जोर लावायचा असताना गाडी उचललेली असणं हेच चुकतंय, बाकीचं नंतर. तुम्ही बारवर झटका देता तेव्हा तो झटका गाडीलाही बसतो, आणि नुसत्या जॅकवरची गाडी अशा झटक्याने सरकते, पडते. चाक परत लावा, त्याचे बोल्ट आवळा, गाडी जमिनीवर टेकवा, मधली टोपी काढा आणि त्या भोकातून सॉकेट नटावर बसवा. आता टायर जमिनीला धरून आहे, गाडीचं वजन तुमच्या बाजूने आहे. पहिला गिअर टाका, हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी लावा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो, त्यामुळे पुढचं चाक धरायला पायाचा ब्रेक लागतोच, तो घरच्या माणसाला दाबून धरू दे. इंजिन बंद असताना दोन-तीन वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं, त्यात बिघाड काही नाही, फक्त पाय जास्त जोरात लावायला सांगा.

आता जोराचं गणित. हा नट साधारण १५० ते ३०० न्यूटन मीटरला (हे फिरवण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) आवळलेला असतो, गाडीप्रमाणे आकडा बदलतो. ६० किलोचा माणूस दीड फुटी, म्हणजे ४५ सेंटीमीटरच्या दांडीच्या टोकाला पूर्ण वजनाने लटकला तरी २६५ न्यूटन मीटरच्या आसपासच जोर येतो. म्हणजे कारखान्यात जेवढा आवळला होता जेमतेम तेवढाच, आणि मधल्या वर्षांत जो गंज चढलाय तो वेगळा. हाच माणूस एक मीटरच्या पाइपवर असेल तर ५९० च्या जवळ जातो, आणि मग लटकायचीही गरज पडत नाही, नुसतं अंग टाकलं तरी पुरतं. ताकद कमी पडत नव्हती तुमची, दांडी छोटी पडत होती.

रॅचेट मात्र या कामाला आणूच नका, त्याच्या आतले दाते या जोरासाठी बनवलेले नसतात. ब्रेकर बार घ्या, म्हणजे साधी भरीव दांडी जिच्या टोकाला चौकोनी डोकं असतं आणि आत काहीही फिरणारं नसतं. अर्धा इंची चालतो, पाऊण इंची मिळाला तर उत्तम. सॉकेट सहा कोनी, काळ्या रंगाचं इम्पॅक्टवालं घ्या, माप नटावर आधी घालून बघून, बहुतेक ३०, ३२ किंवा ३६ मिमी निघतं. काही गाड्यांना मुळात बारा कोनीच नट किंवा बोल्ट असतो, तिथे अर्थात बारा कोनी. चकचकीत पॉलिश केलेलं सॉकेट या जोरात उभं चिरतं आणि तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच.

एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. चाकाच्या आत खोल नट असला की मध्ये एक्स्टेंशन लावावं लागतं, आणि मग बार खाली दाबला की एक्स्टेंशनही खाली झुकतं, सॉकेट तिरकं होतं आणि नटाचे कोपरे खातं. यावर उपाय असा की एक्स्टेंशनच्या बाहेरच्या टोकाखाली, जिथे बार जोडला जातो त्याच्या अगदी मागे, एक स्टँड म्हणजे घोडी ठेवायची, बरोबर उंची जुळवून. एक्स्टेंशन त्या घोडीच्या खोबणीत टेकून फिरतं, सगळा जोर फिरवण्यातच जातो, सॉकेट सरळ राहतं. मी हे केल्याशिवाय आता हात लावत नाही.

बार कुठल्या बाजूला धरायचा तेही बघा. चाकाकडे तोंड करून उभं राहिलात तर सोडवताना बार डावीकडे आडवा, घड्याळात नऊ वाजतात त्या दिशेला, आणि जोर खाली. शरीराचं वजन नीट लागतं, पाठ वाचते. बारवर उभं राहून उड्या मारू नका, नट सुटतो तेव्हा बार एका झटक्यात जमिनीपर्यंत जातो आणि तुम्हीही त्याच्याबरोबर जाता. तोंड बारच्या रेषेत ठेवायचं नाही, खालच्या हाताची बोटं बार आणि जमिनीच्या मध्ये येणार नाहीत असं बघायचं.

आणि सुटला की लगेच थांबायचं. कट्ट असा आवाज येतो, बार थोडा खाली येतो, बस, तेवढंच, पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको. पूर्ण सैल करायचं ते गाडी उचलून घोडीवर ठेवल्यावर. का ते पुढे आवळण्याच्या उत्तरात येईल.

प्रश्न: माझ्या नटावर एका ठिकाणी कड आत दाबलेली दिसते. ती तशीच ठेवून नट फिरवला तर चालतो का? व्हिडिओत एक जण तसंच करताना बघितलं.

उत्तर: फिरतो, आणि फिरताना अ‍ॅक्सलचे आटे घेऊन जातो.

त्या नटाला बाहेरच्या बाजूला एक पातळ कॉलर असते, आणि अ‍ॅक्सलच्या टोकावर एक खाच कोरलेली असते. नट आवळून झाला की कॉलरचा तेवढाच भाग पंचने ठोकून त्या खाचेत बसवतात, म्हणजे नट आपोआप उलटा फिरत नाही. दिसायला नखाएवढा दबलेला भाग, पण तो आट्यांच्या आत शिरलेला असतो. तसाच फिरवला की तो एकेका आट्यावरून ओरबाडत बाहेर येतो. खूप वर्षांपूर्वी मी घाईत हे केलंय, नट निघाला आणि त्याच्याबरोबर अ‍ॅक्सलच्या आट्यांची एक बारीक चकचकीत सुरळी निघाली, स्प्रिंगसारखी. नवीन नट दोन फेरे जाऊन अडकायला लागला आणि शेवटी पूर्ण ड्राइव्ह शाफ्ट बदलावा लागला, फक्त कॉलर उचलायची दोन मिनिटं वाचवली म्हणून.

तेव्हा आधी वायर ब्रशने ती खाच साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा, मग अरुंद तोंडाची छन्नी किंवा घासून चपटा केलेला जुना पंच घेऊन खाचेच्या तळातून कॉलर वर उचला. छन्नीचं तोंड खाचेच्या लांबीच्या दिशेने ठेवा, आडवं नाही, म्हणजे घसरलं तरी आट्यांना लागणार नाही. हलके हलके ठोके. पूर्ण सरळ झाली नाही तरी चालतं, आट्यांच्या बाहेर आली की झालं. काही नटांना अशा दोन जागा असतात, दुसरी चिखलाखाली लपलेली असते, तेव्हा पूर्ण गोल फिरून बघा.

स्प्लिट पिनवाला नट, म्हणजे ज्यातून आरपार दुमडलेली पिन घातलेली असते तो, असेल तर काम सोपं, पिनची टोकं सरळ करून ओढून काढायची. आत गंजून तुटली तर तेल मारून वाट बघा आणि बारीक पंचने दुसऱ्या बाजूने ठोका. पिनचा अर्धा तुकडा आत असताना नट फिरवायचा नाही, तोही आटेच कापतो.

प्रश्न: एक मीटरचा पाइप लावूनही सुटत नाही. गॅसच्या शेगडीने तापवू का?

उत्तर: बेअरिंग नवीनच घालणार असाल तर शेवटचा उपाय म्हणून विचार करता येईल, बेअरिंग ठेवायचं असेल तर नाही. नटाच्या मागे दोन-तीन बोटांवर बेअरिंगचं सील आहे, ग्रीस आहे, बऱ्याच नव्या गाड्यांत त्या सीलमध्येच एबीएस सेन्सर वाचतो ती चुंबकीय पट्टी आहे, आणि पलीकडे शाफ्टचा रबर बूट. यातलं कुठलंच ज्वाळेसाठी नाही. शिवाय तुम्ही आधी तेल मारलेलं असणार, ते पेट घेतं.

मी आधी वेळ देऊन बघतो. आटे जेवढे बाहेर दिसतायत तेवढे वायर ब्रशने पांढरे होईपर्यंत घासा, तेल मारा, रात्रभर राहू द्या, सकाळी परत मारा. तेल ब्रेक डिस्कवर जाऊ देऊ नका, चाक काढून मारत असाल तर डिस्कवर कापड धरा आणि नंतर ब्रेक क्लीनरने पुसा. मग सॉकेट बसवायच्या आधी नटाच्या बाजूच्या सपाट भागावर, जिथे हातोडी पोचते तिथे, दोन-चार ठोके द्या, म्हणजे गंजाची पकड तडकते. कधी कधी आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवून मग सोडवला की निघतो.

इम्पॅक्ट गन हातात असेल तर सोडवायला ती फार कामाची, कारण ती सलग जोराऐवजी ठोके देते आणि गंज ठोक्यांना जास्त लवकर हार मानतो. पाच-पाच सेकंद द्या, मध्ये थांबा.

यातलं काहीच झालं नाही किंवा नटाचे कोपरे गोल झाले तर नट वाचवायचा विचार सोडा, तो तसाही फेकायचाच आहे. अ‍ॅक्सल वाचवायचा. नटाच्या एका सपाट बाजूवर ग्राइंडरने आडवी चीर पाडा, अ‍ॅक्सलला समांतर, आट्यांपर्यंत पोचायच्या आधी थांबा, शेवटचा एखादा मिलिमीटर शिल्लक ठेवा. मग त्या चिरेत छन्नी घालून एक जोरकस ठोका द्या, नट उघडतो आणि हाताने फिरतो. ग्राइंडर हातात सवयीचा नसेल तर हे काम जो रोज करतो त्याच्याकडे द्या, कारण इथे एक मिलिमीटर चुकला की शाफ्ट गेला.

प्रश्न: सोडवायची दिशा दोन्ही बाजूंना सारखीच का?

उत्तर: बहुतेक सगळ्या गाड्यांत दोन्ही बाजूंना साधे उजवे आटे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवलं की सुटतो. थोड्या गाड्यांत एका बाजूला डावे आटे असतात. नटाच्या बाहेर अ‍ॅक्सलचे जे आटे डोकावतात ते साफ करून नीट बघा, चढ कुठल्या बाजूला आहे ते दिसतं. पाइपवर चढायच्या आधी अर्धा मिनिट बघून घ्या.

प्रश्न: माझ्या अलॉय व्हीलच्या मधल्या भोकातून सॉकेट जातच नाही. मग जमिनीवर ठेवून कसं करायचं?

उत्तर: स्टेपनी लावा. बऱ्याच स्टेपन्या स्टीलच्या असतात आणि त्यांचं मधलं भोक मोठं असतं. ती लावून नट सैल करायचा, मग गाडी उचलून पुढचं काम.

स्टेपनीही अलॉयच असेल तर चाक काढून हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, धरून ठेवावा लागतो. हबमधून बाहेर आलेल्या, चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या स्टडपैकी दोन स्टडच्या मध्ये लांब जाड दांडी घालायची, तिचं दुसरं टोक जमिनीवर टेकवायचं, सोडवताना हब ज्या दिशेला फिरू बघतो त्या दिशेला. स्टडवर आधी चाकाचे नट उलटे फिरवून बसवा म्हणजे दांडी आट्यांवर न घासता नटांवर घासते. गाडीला स्टडऐवजी चाकाचे बोल्ट असतील तर दोन बोल्ट हबमध्ये घालून त्यांच्यात दांडी अडकवा. या पद्धतीत गाडी घोड्यांवर असते, म्हणून दोन्ही बाजूंना घोडी, सपाट पक्की जमीन, मागच्या चाकांना पाचरी, आणि बारवर जोर सावकाश वाढवत न्यायचा, झटके अजिबात नाहीत.

प्रश्न: नट निघाला पण शाफ्ट हबमधून बाहेर येत नाही. हातोडी मारली तर टोक चपटं होईल ना?

उत्तर: होतं, आणि मग नवीन नट चढतच नाही. जुना नट परत फिरवून अ‍ॅक्सलच्या टोकाशी सपाट आणा, म्हणजे ठोका नटावर आणि अ‍ॅक्सलवर वाटून जाईल, आणि पितळी हातोडी किंवा मध्ये जाड लाकडी ठोकळा वापरा. थोडं हललं की हातानेच ढकला. चार-सहा ठोक्यांत हललं नाही तर हातोडी ठेवून द्या आणि हब पुलर लावा, तो स्टडना धरतो आणि मधल्या स्क्रूने शाफ्ट शांतपणे मागे ढकलतो. जोरात ठोकत राहिलं की तो मार शाफ्टमधून आतल्या जॉइंटवर, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या सांध्यावर जातो. बाहेर आल्यावर शाफ्ट लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधून ठेवा, आणि ओढू नका, आतला जॉइंट सुटून येतो आणि एका कामाची दोन कामं होतात.

प्रश्न: आवळताना नेमकं काय करायचं? टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला टक् वाजणारा पाना) नाहीये, सोडवायला जेवढा जोर लागला तेवढाच लावला तर बरोबर होईल ना?

उत्तर: नाही होणार. सोडवताना लागलेल्या जोरात गंजाचा वाटा किती आणि नटाचा किती हे कुणालाच कळत नाही. ज्या नटाला ५०० लागले तो २२० ला आवळलेला असू शकतो, आणि तुम्ही तो ५०० ला आवळला तर आटे ताणले जातील, बेअरिंग चेपलं जाईल.

या नटाचं काम काय ते आधी बघूया, मग बाकीचं आपोआप पटेल. चाक जागेवर धरणं एवढंच त्याचं काम आहे असं बहुतेकांना वाटतं. पुढच्या चाकाच्या बेअरिंगला आतल्या बाजूने दोन कड्या असतात, एकमेकींना टेकलेल्या. नट आवळला की शाफ्टचा खांदा एका बाजूने आणि हब दुसऱ्या बाजूने त्या दोन्ही कड्यांना दाबून एकजीव करतात, आणि त्या दाबातच गोळ्यांना जेवढी मोकळीक पाहिजे तेवढीच मिळते. कारखान्यात बेअरिंग घासतात तेच मुळी हा दाब गृहीत धरून. दाब कमी पडला तर कड्या एकमेकींपासून हलतात, गोळ्या आपल्या वाटेवरून न जाता कडेला चढतात, आणि काही दिवसांत ती घरघर सुरू होते जिच्यासाठी तुम्ही बेअरिंग बदललं होतं. फारच सैल राहिला तर चाक डुगडुगतं, एबीएसचा दिवा लागतो, आणि शेवटी चाक हबसकट निघूही शकतं. जास्त आवळला तर उलट, गोळ्या दाबल्या जाऊन तापतात.

म्हणूनच मघाशी म्हटलं की गाडीचं वजन चाकावर असताना नट पूर्ण सैल करायचा नाही. दाब नसलेल्या कड्यांवर गाडीचं वजन आलं की एका जागी गोळ्यांचे खड्डे पडतात. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की गाडी चाकांवर उभी असताना ९० अंशांपेक्षा जास्त फिरवू नका. शाफ्ट बाहेर असताना गाडी ढकलून दोन फूट सरकवणं हेही त्याच कारणाने बेअरिंगचं नुकसान करतं. सरकवायचीच असेल तर बाहेरचा जॉइंट हबमध्ये परत घालून नट टॉर्कला आवळा, मग ढकला.

आता क्रम. अ‍ॅक्सलच्या खोबण्या म्हणजे स्प्लाइन आणि हबच्या आतल्या खोबण्या वायर ब्रशने साफ करायच्या, नट जिथे टेकतो तो चेहराही साफ करायचा, तिथे गंजाची पापुद्री राहिली तर नट तिच्यावर आवळला जातो आणि पापुद्री चुरडली की सैल पडतो. शाफ्ट हबमध्ये ओढून घ्यायचा तर जुन्या नटाने ओढा, मग तो काढून नवीन लावा. नवीन नट सुरुवातीला हाताने, बोटांनी फिरवा. स्वतःहून घट्ट होणारा प्रकार असेल तर काही फेऱ्यांनंतर जड होतो, ते बरोबर आहे. पहिल्याच फेऱ्यात अडला तर थांबा, उलटा काढा, आटे बघा.

मग चाक हवेत, गाडी घोडीवर, घरचं माणूस ब्रेकवर, टॉर्क रेंच उजवीकडे, घड्याळाच्या तीनच्या दिशेला, आणि जोर खाली. एकाच दमात, सावकाश, रेंचचा टक् येईपर्यंत, आला की थांबायचं, खात्री म्हणून परत एक टक् नाही. मॅन्युअलने एकच आकडा दिला असेल तर मी तो पूर्ण हवेतच देतो. काही मॅन्युअलमध्ये दोन टप्पे असतात, आधी हवेत अमुक टॉर्क आणि मग गाडी जमिनीवर टेकवून तमुक अंश, तिथे जसं लिहिलंय तसंच करायचं. अंश मोजायला वेगळं यंत्र लागतंच असं नाही, सहा कोनी नटाचा एक कोपरा ते पुढचा कोपरा ६० अंश, बारा कोनीचा ३०. कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि मोजा, १८० अंश म्हणजे सहा कोनीचे तीन कोपरे.

ब्रेक दाबूनही हब फिरत असेल तर, डिस्क मधून पोकळ असेल तरच, तिच्या फटीत जाड दांडी घालून ती कॅलिपरच्या ब्रॅकेटला टेकवता येते. ब्रॅकेटलाच, कॅलिपरला किंवा सेन्सरच्या वायरला नाही. अगदीच जमत नसेल तर हवेत जेवढं जातं तेवढं आधी घट्ट करायचं, कड्या एकमेकींना नीट टेकल्या पाहिजेत, मगच चाक लावून जमिनीवर टेकवून उरलेलं. बोटांनी लावलेल्या नटावर गाडी कधीही टेकवायची नाही, मग ती दोन मिनिटांसाठी का असेना.

टॉर्क रेंच नसेल तर मागून आणा. खरंच. आणि आणताना त्याची वरची हद्द बघा, चाकाच्या बोल्टसाठी घेतलेले बरेच रेंच २०० किंवा २१० ला संपतात आणि तुमचा नट २४५ मागत असेल तर तो रेंच उपयोगाचा नाही. त्याच्या मुठीवर पाइप घालून हद्द वाढत नाही, उलट बऱ्याच प्रकारांत आकडाच खोटा येतो. वापरून झाल्यावर क्लिकवाला रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आणि त्याने नट सोडवू नका.

प्रश्न: मॅन्युअलमध्ये १८१ लिहिलंय तर मी तसाच आवळला, नंतर कुणीतरी म्हणालं ते न्यूटन मीटर नाहीत, फूट-पाउंड आहेत. किती फरक पडतो?

उत्तर: खूप. एक फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन मीटर, म्हणजे १८१ फूट-पाउंड हे २४५ न्यूटन मीटर होतात. तुम्ही न्यूटन मीटरने आवळला असेल तर नट गरजेच्या तीन-चतुर्थांशालाच आहे. गाडी चालवू नका, चाक उचला, नवीन नट घ्या आणि बरोबर आकड्याला आवळा. कधी कधी तिसरं एकक दिसतं, किलोग्रॅम-मीटर, तिथे आकडा पंचवीसच्या आसपास असतो आणि त्याला ९.८ ने गुणायचं. आकड्याच्या पुढची अक्षरं वाचल्याशिवाय रेंच सेट करू नका.

प्रश्न: नट नीट फिरावा म्हणून आट्यांना ग्रीस लावलं तर?

उत्तर: मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तरच. बोल्ट आवळताना आपण जो जोर लावतो त्यातला सुमारे दहा टक्केच भाग खरोखर दाबण्यात जातो, बाकी नव्वद टक्के घासण्यात, निम्मा नटाच्या तळाशी आणि उरलेला आट्यांत. ग्रीस लावलं की घासणं कमी होतं, आकडा तोच राहतो आणि दाब बराच वाढतो. टॉर्कचे आकडे ठराविक आट्यांसाठी दिलेले असतात, बहुतेक वेळा कोरड्या आणि स्वच्छ. मागे राहिलेलं गंज सोडवणारं तेलही ब्रेक क्लीनरने पुसून काढा.

प्रश्न: जुना नट चांगला दिसतोय. नवीनच का घ्यायचा?

उत्तर: कारण त्याचं लॉक एकदाच वापरायचं असतं. कॉलरवाला असेल तर दबलेला भाग परत त्याच खाचेसमोर येत नाही आणि आला तरी दुसऱ्यांदा वाकवल्यावर चिरतो. स्वतः घट्ट होणारा असेल तर त्याचा वाकडा केलेला आटा किंवा नायलॉनची कडी पहिल्याच वेळी झिजते. अंश देऊन आवळायचा बोल्ट असेल तर तो ताणलेला असतो. स्प्लिट पिनवाला नट आटे चांगले असतील तर परत चालतो, पिन मात्र नवीन. आणि कॉलरवाला नवीन नट लावल्यावर कॉलर खाचेत ठोकायला विसरू नका. बोथट गोल टोकाचा पंच घ्या, धारदार छन्नीने कॉलर फाटते.

प्रश्न: आवळायलाही इम्पॅक्ट गनच वापरली, एकदम पक्का बसला. ठीक आहे ना?

उत्तर: पक्का किती ते गन सांगत नाही, आणि इथे तेवढंच महत्त्वाचं आहे. नवीन नट घेऊन परत करा.

प्रश्न: माझ्या गाडीच्या मागच्या चाकालाही असाच मोठा नट आहे, स्प्लिट पिनसकट. तोही २०० ला आवळू?

उत्तर: थांबा, हे फार महत्त्वाचं. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जात नाही त्यांच्यात, खास करून जुन्या गाड्यांत, बऱ्याचदा दोन सुटी तिरप्या रोलरची बेअरिंग असतात. त्यांचा नट फक्त मोकळीक जुळवायला असतो, दाबायला नाही. तिथे साधारण पद्धत अशी की चाक हाताने फिरवत नट हलका आवळायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग तो सैल करायचा, मग मॅन्युअल म्हणेल तेवढाच, बऱ्याचदा नुसत्या बोटांच्या जोराने, लावून नवीन पिन घालायची. तो २०० ला आवळलात तर थोड्याच अंतरात बेअरिंग तापून अडकेल. पण सगळ्या मागच्या चाकांचं असं नसतं, ज्यांना एकसंध हब असतो त्यांचा नट पुढच्यासारखाच मोठ्या टॉर्कचा असतो. तेव्हा काढतानाच लक्ष द्या, नट अगदी सहज सुटला आणि मागे सैल वॉशर आणि सुटं बेअरिंग दिसलं तर तो हा पहिला प्रकार.

प्रश्न: काम होऊन आठवडा झाला. गाडी थांबलेली असताना सोडली की एकदाच कट्ट होतं, रिव्हर्स घेतला की परत एकदा. वळताना काही नाही. जॉइंट गेला का?

उत्तर: जॉइंट गेला की पूर्ण वळवून चालवताना कट-कट-कट असा सलग आवाज येतो, चाकाबरोबर वाढणारा. दिशा बदलली की एकदाच येणारा आवाज बऱ्याचदा या नटाकडे बोट दाखवतो. जोर एकदा पुढे आणि एकदा मागे जातो तेव्हा शाफ्टचा खांदा बेअरिंगच्या कडीवर किंचित सरकतो आणि तो कट्ट होतो. गाडी आजच उभी करा, नट काढून नवीन नट घेऊन वर सांगितलं तसं आवळा. टॉर्क बरोबर असूनही आवाज राहिला तर शाफ्टचा खांदा आणि बेअरिंगची कडी जिथे एकमेकांना टेकतात तो चेहरा कोरडा किंवा गंजलेला असू शकतो, आणि इंजिनाचे माउंटही एकदा तपासायला हवेत.

प्रश्न: चाकाचे बोल्ट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत तपासतो, तसा हा नटही परत आवळायचा का?

उत्तर: चाकाचे बोल्ट जरूर तपासा. हा नट परत आवळायचा नाही, कॉलर ठोकलेली असताना तर अजिबात नाही. त्याऐवजी काम झाल्या झाल्या एका बारीक ब्रशने नटापासून अ‍ॅक्सलच्या टोकापर्यंत रंगाची सरळ रेघ ओढून ठेवा. चाकाचे बोल्ट तपासाल तेव्हा मधली टोपी काढून रेघेवर टॉर्च मारा. रेघ सलग असेल तर टोपी परत लावा, आणि केसभर जरी तुटलेली दिसली तर गाडी तिथेच उभी राहू दे.